यजमान कोण?

भूमिपूजनाचं बोलावणं मला बहुतेक वेळा आदल्या रात्री येतं. "महाराज, उद्या सकाळी दहाला या, गट्टूचं काम आहे." फुटपाथवर आणि बगीच्यात बसवतात त्या सिमेंटच्या ठोकळ्यांना आमच्याकडे गट्टू म्हणतात. कधी गट्टू, कधी नाली, कधी चौकातला हायमास्ट, कधी व्यायामाची ती हिरवी-पिवळी यंत्रं. दारव्हा वाढतंय. यवतमाळ रोड, दिग्रस रोड, कारंजा रोड, जिकडे बघाल तिकडे कपाशीच्या शेतांचे ले-आउट पडलेत. वर्धा-यवतमाळ-नांदेड ब्रॉडगेज आमच्यावरून जाणार आहे. 2024 च्या फेब्रुवारीत वर्ध्याहून कळंबपर्यंत गाडी सुरू झाली तेव्हापासून इथल्या प्लॉटवाल्यांच्या बोलण्यात वेगळाच जोर आलाय. नगरोत्थान, वैशिष्ट्यपूर्ण योजना, आमदार निधी ही नावं आता पानटपरीवरही ऐकू येतात. कामं निघतात. कामं निघाली की मी निघतो, पिशवीत पळी-पंचपात्र, ताम्हन, सुपाऱ्या आणि हळद-कुंकवाच्या पुड्या घालून.

एका ठिकाणी बगीच्याचं भूमिपूजन होतं. गाव सांगत नाही, आसपासचंच धरा. काळ्या मातीवर फक्कीच्या रेघा मारलेल्या, एका कडेला गिट्टीचा ढीग, मंडपात लाल गालिचा, पाट मांडलेला. पाहुणे यायचे होते. मुहूर्त सरत आला तसं मी ठेकेदाराला म्हटलं की पाटावर कुणीतरी बसवा, नाहीतर मला पंचांग मिटावं लागेल. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि मुकादमाला हाक मारली. मुकादम चपला काढून आला. पोटऱ्यांपर्यंत पांढरी धूळ. गोत्र विचारलं तर हसला. "मले कायचं गोत्र, महाराज? आमच्यात नसते ते."

गोत्र माहीत नसेल त्याला काश्यप म्हणावं, असा आमच्यात प्रघात आहे. काश्यप गोत्र धरून मी संकल्प सांगितला. त्याच्या तळहातावर पळीभर पाणी सोडलं, ते भेगांमधून वाट काढत मनगटाकडे गेलं. सुपारीचा गणपती झाला, वरुण झाला, भूमी झाली. मग त्याने कुदळ उचलली आणि एरवी मारतो तशी मारली. ढेकूळ फुटलं, ओली माती वर आली. मी भूमिपूजनं खूप केलीत, पण खरी लागलेली कुदळ क्वचितच पाहिलीय. एरवी कुदळीला रिबीन असते आणि ती मातीला नुसती टेकवतात.

पाहुणे बाराच्या पुढे आले. पुन्हा नारळ, पुन्हा कुदळ, टाळ्या, फोटो. मी गणपतीचं स्तोत्र म्हटलं. संकल्प पुन्हा सांगितला नाही, कारण एका कर्माचा संकल्प दोनदा होत नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

त्या बगीच्याच्या कोनशिलेवर नावं आहेत, पदांच्या क्रमाने. मुकादमाचं नाव तिथे हवं होतं असं मला म्हणायचं नाही. त्याला त्याची मजुरी मिळाली, माझी दक्षिणा मला मिळाली. मला छळतो तो प्रश्न माझ्या धंद्यातला आहे. संकल्पात मी ज्याचं नाव घेतो तो यजमान. द्रव्य त्याचं, त्याग त्याचा, फळ त्याचं. मग जी वस्तू कराच्या पैशातून उभी राहते, त्या करात भाजीवाल्या बाईपासून जिनिंगवाल्यापर्यंत सगळ्यांचा वाटा असतो, आणि जी उद्या सगळ्यांनीच वापरायची आहे, तिच्या पाटावर कोण बसणार?

आपल्या जुन्या ग्रंथांना हा विषय परका नाही. धर्मकर्माचे त्यांनी दोन भाग केले, इष्ट आणि पूर्त. यज्ञयाग हे इष्ट. विहिरी, तळी, देवळं, अन्नदान, बागा हे पूर्त. म्हणजे आज नगरपरिषदेच्या बांधकाम विभागाच्या टेबलावर ज्या फायली असतात त्यातल्या निम्म्या पूर्तात बसतात. इष्टाने स्वर्ग मिळतो आणि पूर्ताने मोक्ष, असं स्मृतींनी म्हणून ठेवलंय. ज्यांना वेदाचा अधिकार नाकारला त्या शूद्रांनाही पूर्ताचा अधिकार त्याच स्मृतींनी दिला. पुढे या पूर्तावर मोठमोठे निबंध झाले. सतराव्या शतकात काशीत नीलकंठभट्टांनी बारा मयूख लिहिले, त्यातला एक उत्सर्गमयूख. हे भट्ट घराणं मूळचं पैठणचं. तेव्हा गोदाकाठच्या माणसांनी गंगाकाठी बसून तळ्यांचा आणि बागांचा विचार केला, असं म्हणायला हरकत नाही.

माझं दुखणं या उत्सर्गापाशी आहे. काम सुरू होताना करायचा विधी सगळ्यांना ठाऊक आहे, त्यासाठी मला फोन येतो. काम पुरं झाल्यावर करायचा विधी ग्रंथात आहे, त्यासाठी आजवर मला कुणीही बोलावलेलं नाही.

तो विधी वाचण्यासारखा आहे. मत्स्यपुराणात तळ्याच्या उत्सर्गासाठी सोन्याचे कासव आणि मगर, चांदीचे मासे, तांब्याचे खेकडा आणि बेडूक, लोखंडाचा शिशुमार असे जलचर करून पाण्यात सोडायला सांगितलेत. गाय पाण्यात उतरवायची. बागेचा उत्सर्ग तर मला फारच आवडतो. झाडांना औषधींच्या पाण्याने न्हाऊ घालायचं, वस्त्रं नेसवायची, सोन्याच्या सुईने त्यांचे कान टोचायचे आणि सोन्याच्या काडीने अंजन घालायचं. झाडाचा कान कुठे असतो हे पुराणाने सांगितलेलं नाही. आमचे गुरुजी म्हणायचे, ज्या पानाखाली पाखरू बसलंय ते सोडून कुठलंही पान टोच.

पण सोनं-चांदी हा बाहेरचा थाट. आतली गोष्ट एवढीच की शेवटी यजमान पाणी सोडून म्हणतो, हे मी सर्व भूतांसाठी सोडलं. इथे एक बारकावा आहे. दानात घेणारा लागतो. मी गाय दिली, तुम्ही घेतली, तेव्हा दान पुरं झालं. घेणारा नसेल तर दान अर्धवट. तळ्याच्या उत्सर्गात घेणारा कुणी नाही. सर्व भूतं येऊन सही करणार नाहीत. यजमान आपलं स्वामित्व सोडतो आणि ते दुसऱ्या कुणाकडेही जात नाही, तळं नुसतं सुटतं. मग निबंधकारांना प्रश्न पडला की ज्याने तळं बांधलं त्याने त्यात आंघोळ करावी का? दिलेल्या वस्तूचा उपभोग म्हणजे दोष. त्यावर त्यांनी उत्तर दिलं की सर्व भूतांत तोही आला, तेव्हा करावी. कालपर्यंत मालक होता तो माणूस, आणि आज घागर घेऊन इतरांच्या मागे रांगेत उभा. लोकशाहीवर पुष्कळ भाषणं ऐकलीत, पण मालकाला रांगेत उभं करणारी ही पळीभर पाण्याची युक्ती मला त्यातल्या बहुतेकांपेक्षा खोल वाटते.

आता आपलं लोकार्पण बघा. फीत कापली जाते, शिलेवरचा पडदा सरकतो आणि जे नाव इतके दिवस कागदावर होतं ते ग्रॅनाइटवर येतं. उत्सर्गात नाव सुटायचं, इथे नाव चिकटतं. सिमेंटच्या बाकावर बसायला जावं तर पाठीला निधी टोचतो. मला राग नाही, गंमत वाटते. बाक झाला हे महत्त्वाचं. पण ज्याने स्वतःचं काही दिलेलंच नाही त्याने सोडायचं तरी काय?

ही अडचणही जुन्यांना सुचली होती. विश्वजित नावाचा एक याग आहे, त्यात यजमानाने आपलं सर्वस्व द्यायचं असतं. जैमिनीच्या मीमांसासूत्रांत, सहाव्या अध्यायात, प्रश्न उभा केलाय की राजाने हा याग केला तर त्याने पृथ्वी द्यायची का? सूत्र म्हणतं, नाही. पृथ्वी सगळ्यांना सारखीच आहे. राजाने तिचं रक्षण करावं, पिकाचा भाग घ्यावा, पण ती त्याची नाही, आणि जे आपलं नाही ते देता येत नाही. कर वसूल करणाऱ्याला कराचा दाता होता येत नाही, हे इतक्या जुन्या काळी, तेही एका यागाच्या निमित्ताने, ठरून गेलेलं आहे.

अहिल्याबाई होळकरांनी हे जाणलं होतं असं मला वाटतं. काशीचे घाट, गयेचं विष्णुपद, देशभरच्या विहिरी आणि धर्मशाळा, हा सगळा खर्च त्यांनी खासगीतून केला. होळकरांच्या दौलतीत खासगीचा हिशेब सरकारी हिशेबापासून वेगळा होता. दौलत राज्याची, खासगी बाईंची. म्हणून पाणी सोडायचा अधिकार त्यांना होता. आज निधीतून काम करून स्वतःचं नाव घालणाऱ्यांना मी काही शिकवायला जात नाही. दक्षिणा घेऊन घरी येतो.

"वापरतो आपण, मालक कोण?" हा प्रश्न दारव्ह्याच्या माणसाला पुस्तकातून शिकावा लागत नाही. आमची शकुंतला होती. यवतमाळहून निघून आमच्या मोतीबाग स्टेशनावरून मूर्तिजापूरला जाणारी छोट्या रुळांची गाडी. इंग्रजांच्या काळात वऱ्हाडचा कापूस वाहायला किलिक निक्सन कंपनीने ती आणली. 1921 साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन तिला 1994 पर्यंत ओढत होतं. देश स्वतंत्र झाला, रेल्वे सरकारची झाली, तरी हे रूळ कंपनीचेच राहिले. गाडी भारतीय रेल्वे चालवायची आणि कंपनीला मोबदला द्यायची. आम्हाला त्याचं काय होतं? गाडी आमची होती. तिच्यात दुधाचे कॅन चढायचे, लग्नाची वऱ्हाडं चढायची, आणि चालत्या गाडीतून उतरून लघवी करून पुन्हा चढणारे बहाद्दर मी डोळ्यांनी पाहिलेत. कागदावर आमचं काही नव्हतं, तरी ती बंद झाली तेव्हा माणसं रडली आणि ती परत यावी म्हणून आंदोलनं झाली. ज्यांच्या नावावर मालकी होती त्यांच्यापैकी कुणी रडलं असेल असं वाटत नाही.

त्यातूनच मला दिसलं की स्वामित्व एक आणि आपुलकी एक, आणि सार्वजनिक वस्तू जगते ती दुसरीवर. पण इथे थांबलो तर मी अर्धंच सांगितल्यासारखं होईल. सर्व भूतांसाठी सोडलेलं पाणी प्रत्यक्षात कुणाकुणाला मिळालं, हे विचारावं लागेल.

महाडचं चवदार तळं गावाच्या मध्यावर. 4 ऑगस्ट 1923 ला मुंबई कायदे मंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला की सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. महाड नगरपालिकेने जानेवारी 1924 मध्ये तळं खुलं केल्याचा ठराव केला. ठराव झाला, पाणी मिळालं नाही. 20 मार्च 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंच्या मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. नंतर गावातल्या सनातन्यांनी तळ्यात पंचगव्याच्या घागरी ओतून ते "शुद्ध" करून घेतलं. त्या घागरींवर मंत्र म्हणणारे माझ्याच धंद्यातले होते. आजही जलाशयाचे मंत्र म्हणताना मला हे आठवतं आणि आठवावंच. ज्या विधीने तळं सर्वांचं होतं तो विधी आमच्या पोथीत होता, आणि आम्हाला सुचला तो दुसराच.

नगरपालिकेने त्याच वर्षी 4 ऑगस्टला आपला ठराव मागे घेतला. मग कोर्ट. विरोधकांनी तिथे मांडलेल्या मुद्द्यांपैकी एक असा की तळं सार्वजनिक नाहीच, ते चौधऱ्यांचं आहे, खासगी आहे. ज्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या सगळे सवर्ण, मुसलमान, गुरंढोरं जगली, ते एका वर्गाने हात लावताच खासगी झालं. 17 मार्च 1937 ला मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचं म्हणणं फेटाळलं. दहा वर्षं लागली. सर्व भूतं या दोन शब्दांत कोण बसतं हे मंत्राने ठरलं नाही, ते ठरवायला चालत जाऊन ओंजळ भरावी लागली आणि नंतर वकील उभा करावा लागला.

त्याच 1927 च्या 25 डिसेंबरला महाडला मनुस्मृती जाळली गेली. त्या पुस्तकाची तरफदारी करायला मी बसलेलो नाही. पण त्याच्या नवव्या अध्यायातल्या दोन श्लोकांचा विषय मला बाजाराच्या दिवशी हटकून आठवतो. राजमार्गावर जो घाण करील त्याला दोन कार्षापण दंड, आणि घाण त्यानेच उचलायची. लगेच पुढे अपवाद दिलाय: अडचणीत सापडलेला, म्हातारा माणूस, गर्भार बाई, लहान मूल यांना दंड नाही, समज द्यावी आणि जागा स्वच्छ करून घ्यावी. ज्या पुस्तकाने माणसांची उतरंड लावली त्यालाही शरीराची अडचण समजली. बाजाराला आसपासच्या खेड्यांतून बाया येतात, धामणगाव देवला मुंगसाजी महाराजांच्या दर्शनाला जाणारी मंडळी येतात. सकाळी सातला घरून निघालेली बाई संध्याकाळच्या एस.टी.पर्यंत पाणी पीत नाही, का ते तिलाच विचारा. अशा कुठल्याही गावात बगीच्यातला फवारा आधी आणि बायांची मुतारी नंतर, असा क्रम लागला की माझ्या मते पूर्तधर्म उलटा टांगला गेला. फवाऱ्याचं भूमिपूजन मी केलंय. मुतारीच्या भूमिपूजनाला मला अजून कुणी बोलावलेलं नाही. बोलावलं तर दक्षिणा न घेता जाईन, मुहूर्तही चांगला काढून देईन.

आणखी एक प्रसंग. एका बगीच्याच्या कोपऱ्यात लोक कचरा टाकायचे, रात्री बाटल्या पडायच्या. आजूबाजूची चार भली माणसं माझ्याकडे आली. म्हणाली, महाराज, तिथे एक छोटी मूर्ती बसवून द्या, आपोआप स्वच्छ राहील. जिन्याच्या कोपऱ्यात पान थुंकू नये म्हणून देवाच्या फरशा लावतात, त्यातलाच विचार. देवाला पहारेकरी नेमायचा, तोही बिनपगारी.

मी नाही म्हटलं. सार्वजनिक जागेवर नवं प्रार्थनास्थळ उभं राहू नये असा सर्वोच्च न्यायालयाचा 29 सप्टेंबर 2009 चा आदेश आहे, तो मी त्यांना सांगितला. तो ऐकून त्यांचं समाधान झालं नाही, माझंही तेवढ्याने झालं नसतं. माझं कारण वेगळं होतं. देवळात प्रतिष्ठा झाली की वस्तूला मालक मिळतो, आणि तो मालक देव असतो. कायदाही हेच मानतो; मूर्ती ही कायद्याच्या नजरेत व्यक्ती आहे, तिची मालमत्ता असते, तिच्या वतीने वहिवाटदार कारभार बघतो, असं प्रिव्ही कौन्सिलने 1925 मध्येच सांगितलंय. म्हणून देवळाच्या पायरीवर आपण थुंकत नाही. तिथे कुणीतरी राहतं. बगीच्यात कुणी राहत नाही, तिथे आपण सगळे असतो, आणि आपल्याला आपलाच धाक नाही. पण म्हणून बगीच्यात देव बसवला तर काय होईल? आठ दिवसांत आरती, महिन्यात ओटा, वर्षात शेड, आणि मग भोंगा. संध्याकाळी तिथे पोरांना खेळवायला येणारी बुरखा घातलेली बाई उद्या थोडी अंग चोरून बसेल. तिला कुणी काही बोललेलं नसेल. तरी सर्व भूतांतून एक भूत कमी झालंच. माझी पोटाची विद्या प्रतिष्ठेची आहे. पण जिथे उत्सर्ग व्हायला हवा तिथे मी प्रतिष्ठा करणार नाही.

ती माणसं नाराज होऊन गेली. त्यांनी मूर्ती दुसऱ्याकडून बसवून घेतली असं मात्र झालं नाही. कोपऱ्यात अजून बाटल्या पडतात.

माझी पुतणी एका नगरपरिषदेत नोकरीला आहे. तिला मी हे सगळं ऐकवलं तर म्हणाली, "काका, तुमचा उत्सर्ग झाला की मालमत्ता नोंदवहीत नाव कुणाचं लिहायचं?" तिचं म्हणणं असं की कुणाचंच नाही म्हटलं की वस्तू मरते. दिवा फुटला की ती वहीत बघते, तो दिवा कुठल्या योजनेतून, हमीची मुदत कधी संपते, ठेकेदार कोण. 1965 च्या नगरपरिषद कायद्याने रस्ते, नाल्या, सार्वजनिक जागा नगरपरिषदेकडे निहित केल्यात ते उगाच नाही. कुणीतरी जबाबदार धरता आला पाहिजे. "तुमच्या पोथीत तळ्यातला गाळ कोण काढणार ते लिहिलंय का?" असं तिने विचारलं. वर म्हणाली, "आणि काका, नवीन कामाला पैसे मिळतात. दुरुस्तीला कुणी देत नाही. दुरुस्तीची फीत कापता येत नाही ना."

तिच्या पहिल्या मुद्द्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. नोंदवही हवीच. मालक आणि राखणदार यांत फरक आहे आणि नगरपरिषद राखणदार आहे, एवढंच मी म्हणालो. राजाने पृथ्वीचं रक्षण करावं, ती त्याची नाही, हे जैमिनीचंच. ती म्हणाली, राखणदाराला पगार लागतो. बरोबर आहे.

गाळाचं मात्र पोथीत आहे. विष्णुस्मृतीच्या एक्क्याण्णवाव्या अध्यायात म्हटलंय की विहीर, बाग, तळं, देऊळ यांची जो पुन्हा दुरुस्ती करतो त्याला मूळ बांधणाऱ्याचंच फळ मिळतं. अर्धं नाही, उरलंसुरलं नाही, मूळचंच. म्हणजे पुण्याच्या बाजारात नव्याचा आणि दुरुस्तीचा भाव एकच लावून ठेवलाय. असा भाव सरकारी योजनांत लागला तर गावं निराळी दिसतील. जो नळाची तोटी बदलतो, नालीतला गाळ काढतो, बगीच्यातल्या वाळत चाललेल्या कडुनिंबाला मे महिन्यात बादलीभर पाणी घालतो, तो त्या वस्तूचा कर्ता. त्या बगीच्याचा यजमान कोण, याला मला सापडलेलं सगळ्यात जवळचं उत्तर हे आहे. बांधताना पाटावर कोण बसलं याने फारसं बिघडत नाही.

आमच्या वऱ्हाडात याचा दाखला मुद्दाम शोधावा लागत नाही. शेंडगावचे डेबूजी, गाडगेबाबा. ऋणमोचनला पूर्णेवर घाट, पंढरपूर-नाशकात धर्मशाळा, आणि हातात कायम खराटा. बांधणारा आणि झाडणारा एकच माणूस. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी 1949 मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. ना सोन्याचं कासव, ना पुरोहित. पण उत्सर्ग कशाला म्हणतात ते मला कुणी विचारलं तर मी मयूख उघडण्याआधी हे सांगतो.

सध्या माझ्याकडे एक काम आलंय. एका घरची आजी गेली, तिच्या नावाने स्टँडजवळ थंड पाण्याची टाकी बसवायची आहे, फिल्टरसकट. नातू आणि त्याचे वडील दोघे आले होते. वडिलांना नावाची फरशी किती बाय किती असावी याची काळजी होती. आजीचा फोटो, वर ॐ, खाली सगळ्या कुटुंबाची नावं. मी म्हटलं, फरशी लावा, आजीचं नाव येऊ द्या. मात्र पूजा मी सांगतो तशी होईल, आणि शेवटी तुम्ही पाणी सोडून म्हणायचं की हे सर्व भूतांसाठी सोडलं. म्हणजे उद्या टाकीवर कोण प्यालं, कुणाच्या हाताने तोटी फिरली, यावर तुमचा शब्द चालणार नाही. वडील म्हणाले, "तसं तं आमी कोनाले नाई म्हनतच नाई." नातू गप्प होता. जाता जाता त्याने विचारलं, "महाराज, फिल्टर कोण बदलणार? सहा महिन्यांनी खराब होते ते."

मी म्हटलं, तेही संकल्पात घालू. पोथीत फिल्टर नाही, पण पुनःसंस्कार आहे. कोण बदलणार त्याचं नाव घेऊन पाणी सोडायचं. वडिलांनी मुलाकडे बघितलं. मुलगा म्हणाला, लिहा माझं.

पूजा पुढच्या महिन्यात आहे. दक्षिणा अजून ठरलेली नाही; फिल्टरला वर्षाला किती खर्च येतो ते तो दुकानात विचारून सांगणार आहे, मग दोन्ही मिळून बघू.